क्रिएटिनिन १.१ आणि ९७ : वैद्यकीय नोंदींच्या देवाणघेवाणीत अर्थ कुठे हरवतो?

उभीरेघ (धागाकर्ता)

रुग्णालये, प्रयोगशाळा आणि दवाखाने यांच्या संगणक प्रणाली एकमेकींना जोडणे हे गेली अनेक वर्षे माझे रोजचे काम आहे. या कामात पाहिलेल्या एका आलेखामुळे हा धागा काढावासा वाटला.

एका रुग्णाच्या नोंदीत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आलेख होता. पहिले चार बिंदू १.०, १.१, १.१, १.० असे जवळजवळ आडव्या रेषेत आणि पाचवा थेट ९७ वर. पाचव्या बिंदूला जागा देण्यासाठी उभी मापपट्टी आपोआप ताणली गेली होती, त्यामुळे आधीचे चारही बिंदू तळाला चिकटून शून्यासारखे दिसत होते. मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी झाली, असाच अर्थ कोणीही काढला असता. प्रत्यक्षात रुग्णाला काहीही झालेले नव्हते. पाचवी तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत झाली होती. ती प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरऐवजी मायक्रोमोल प्रति लिटर या एककात निकाल देत होती, आणि १.१ ला ८८.४ ने गुणले की ९७ च येतात. डॉक्टरांनी आलेखापेक्षा समोरच्या माणसाकडे अधिक लक्ष दिले, म्हणून अनर्थ टळला.

मी त्या दिवशीचा मूळ संदेश काढून पाहिला. पाठवणाऱ्याची काहीच चूक नव्हती. संदेश एचएल७ या वैद्यकीय संदेशांच्या प्रमाणकाच्या आवृत्ती २ चा होता. त्यातील निकालाच्या ओबीएक्स ओळीत तिसऱ्या रकान्यात तपासणीचे नाव, पाचव्यात आकडा, सहाव्यात एकक आणि सातव्यात संदर्भमर्यादा हे सगळे जागच्या जागी होते. घेणाऱ्या प्रणालीने मात्र सहावा आणि सातवा रकाना वाचलाच नव्हता, कारण ती बसवताना 'आपल्याकडे क्रिएटिनिन एकाच एककात येते' असे कोणीतरी गृहीत धरले होते आणि एकक तपासणीच्या यादीत कायमचे लिहून टाकले होते. दोन्ही प्रणालींच्या माहितीपत्रकांवर त्या प्रमाणकाला अनुसरून चालतात, असेच लिहिलेले होते.

इंटरऑपरेबिलिटीची, म्हणजे प्रणालींच्या परस्पर-जुळणीची, आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेने १९९० मध्ये दिलेली व्याख्या मला आजही सर्वांत नेमकी वाटते. दोन किंवा अधिक प्रणालींना माहितीची देवाणघेवाण करता येणे आणि देवाणघेवाण झालेली माहिती वापरता येणे, असे तिचे दोन भाग आहेत. आपल्या क्षेत्राने पहिल्या भागावर अपार कष्ट घेतले आहेत. एचएल७ ही संस्था १९८७ मध्ये सुरू झाली आणि उभ्या रेघांनी रकाने पाडणारी तिची आवृत्ती २ अजूनही असंख्य रुग्णालयांचा भार वाहत आहे. आवृत्ती ३ ने सगळ्या वैद्यकीय माहितीला एकाच संदर्भ-प्रतिमानात बसवण्याचा प्रयत्न केला. तो इतका जड झाला की त्यातून मुख्यतः सीडीए हा दस्तऐवजांचा नमुनाच व्यवहारात रुजला. मग २०११ पासून फायर हे एचएल७चेच नवे प्रमाणक आकाराला आले, ज्याच्या आर४ आवृत्तीवर सध्याचे बरेचसे काम चालते. दर वेळी पाकीट बदलले आणि दर वेळी ते आधीपेक्षा चांगले झाले, हे मी मनापासून मान्य करतो. पण आतल्या ९७ चा अर्थ काय, हा प्रश्न पाकिटाने सुटत नाही. तो सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या याद्या समोर ठेवून, एकेका तपासणीपाशी थांबून, जाणत्या माणसाने जुळवणी करावी लागते. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नेमक्या याच कामासाठी पैसे आणि दिवस राखलेले नसतात.

तुमच्या अनुभवात अर्थ नेमका कुठे हरवला, आणि जुळवणीची जबाबदारी कोणाची असावी असे तुम्हाला वाटते, हे वाचायला आवडेल.

नमुनानळी

मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते. आपल्या उदाहरणातील दोन निकालांसाठी लॉइंक या तपासण्यांच्या संकेतसूचीमध्ये दोन स्वतंत्र संकेतांक आहेत. रक्तद्रवातील क्रिएटिनिन वस्तुमानाच्या प्रमाणात मोजले तर २१६०-०, आणि मोलच्या प्रमाणात मोजले तर १४६८२-९. रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये लॉइंकचे काम सुरू केले, तेव्हापासून प्रत्येक तपासणीची ओळख सहा अंगांनी ठरते : काय मोजले, त्याचा कोणता गुणधर्म मोजला, एका क्षणाचे की ठरावीक काळाचे, कोणत्या नमुन्यात, कोणत्या प्रकारच्या मापपट्टीवर, आणि गरज असल्यास कोणत्या पद्धतीने. संकेतांक योग्य लावले असते, तर हे दोन निकाल एका आलेखात न विचारता आलेच नसते.

पण ते लावतो कोण? माझ्या आधीच्या कामाच्या ठिकाणी ही जुळवणी संगणक विभागातील एका कष्टाळू मुलाकडे दिली होती. त्याच्यासमोर आमच्या तपासण्यांची यादी होती आणि त्यात ग्लुकोज सहा वेळा होते. उपाशीपोटीचे, जेवणानंतरचे, बोटाच्या टोकावरील थेंबाचे, मेंदूजलातील, लघवीतील, आणि एक नुसतेच 'ग्लुकोज'. त्याने शोधयंत्रात ग्लुकोज टाकून आलेला पहिला संकेतांक सहाही ओळींना लावला. मेंदूजलातील ग्लुकोज आणि रक्तातील ग्लुकोज एका रांगेत बसले, तर मेंदूज्वराच्या रुग्णाबाबत काय वाचले जाईल, याची कल्पना त्याला असण्याचे कारण नव्हते. मी त्याला दोष देत नाही. ते काम प्रयोगशाळेतील माणसाचे होते आणि आम्ही ते 'संगणकाचे काम' म्हणून टाळले होते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कित्येक निकाल हे निव्वळ आकडे नसतात. ट्रोपोनिन या हृदयाच्या इजेसाठीच्या रक्ततपासणीचा निकाल '०.०१ पेक्षा कमी' असा येतो. आवृत्ती २ मध्ये यासाठी चिन्ह वेगळे आणि आकडा वेगळा ठेवणारा प्रकार आहे, पण बहुतेक यंत्रे तो साध्या मजकुराच्या रूपात पाठवतात. मग घेणाऱ्याकडे आकड्याचाच रकाना असला, की एक तर 'पेक्षा कमी'चे चिन्ह गळून ०.०१ उरते, किंवा निकालच नाकारला जाऊन जागा रिकामी राहते. यंत्राने 'माझ्या पकडीत येण्याइतके काही सापडले नाही' असे सांगितलेले असते आणि वाचणाऱ्यापर्यंत ते 'एवढे सापडले' म्हणून पोहोचते.

दुरुस्त निकालांचे दुखणे तर याहून मोठे आहे. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. आम्ही नवा नमुना मागवतो आणि आधीचा निकाल दुरुस्त म्हणून पुन्हा पाठवतो. त्या ओळीच्या अकराव्या रकान्यात अंतिमच्या 'एफ'ऐवजी दुरुस्तचा 'सी' असतो. एका रुग्णालयाची प्रणाली तो रकाना न पाहता दुसऱ्या संदेशाला नवीन निकाल समजत होती, त्यामुळे ६.८ आणि ४.२ असे दोन्ही आकडे नोंदीत राहत आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना फोन करून विचारावे लागे.

नवशिकी

मी या क्षेत्रात नुकतीच आले आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमस्व. फायरमध्ये आकडा आणि एकक एकाच क्वांटिटी या घटकात बांधलेले असतात, असे मी शिकले. मग सगळ्यांनी फायर वापरले, तर ९७ चा प्रसंग पुन्हा घडणार नाही, असे म्हणता येईल का?

उभीरेघ

प्रश्न अगदी योग्य आहे. तो प्रसंग घडण्याची शक्यता कमी होईल, नाहीशी होणार नाही. क्वांटिटीमध्ये आकडा, तुलनाचिन्ह, माणसाने वाचायचे एकक, एककांची प्रणाली आणि संगणकाने वाचायचा एककाचा संकेत अशा पाच जागा आहेत. शेवटची जागा युकम या एकक-संहितेनुसार भरली, तर यंत्राला रूपांतर करता येते. मात्र मूळ प्रमाणकात या पाचही जागा ऐच्छिक आहेत. फक्त आकडा भरून पाठवलेला निकालही फायरच्या दृष्टीने वैधच ठरतो. तपासणीच्या संकेतांकाचेही तेच. आर४ मध्ये ऑब्झर्व्हेशनच्या, म्हणजे निकालाच्या नोंदीच्या, संकेतांकासाठी लॉइंक सुचवले आहे ते केवळ उदाहरणादाखल, बंधनकारक म्हणून नव्हे.

ही ढिलाई अज्ञानातून आलेली नाही. जगातील प्रत्येक दवाखान्याला चालेल असा पाया घालायचा, तर तो सैल ठेवावाच लागतो. घट्ट करण्याचे काम प्रोफाइलवर सोपवले आहे. कोणती जागा अनिवार्य, कोणती शब्दसूची बंधनकारक, हे देणाऱ्या-घेणाऱ्यांनी एकत्र बसून त्यात लिहायचे असते. त्यामुळे 'आम्ही फायर देतो' असे कोणी सांगितले, की माझा पुढचा प्रश्न 'कोणत्या प्रोफाइलनुसार?' हा असतो. त्याचे उत्तर मिळेपर्यंत मी कामाचे दिवस मोजून देत नाही.

नमुनानळी यांनी सांगितलेल्या दोन्ही अडचणींची दखल फायरने घेतली आहे, हे मात्र आवर्जून सांगतो. तुलनाचिन्ह आणि निकालाची स्थिती यांना तिथे अर्थ पालटणारे घटक म्हणून खूण केलेली आहे. असा घटक समजत नसेल, तर घेणाऱ्याने तो दुर्लक्षून पुढे जायचे नाही, हा नियम आहे. फक्त नियम पाळला जातो की नाही, हे तपासणारा संदेश चाचणीच्या वेळी कोणीतरी मुद्दाम पाठवावा लागतो.

अतिदक्षता

मी डॉक्टर आहे, प्रणाली वापरणाऱ्यांच्या बाजूचा. माझ्यासाठी सर्वांत धोकादायक माहिती म्हणजे रिकामी ॲलर्जीची यादी. दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेल्या रुग्णाची नोंद उघडली आणि ॲलर्जीच्या चौकटीत काहीच नसले, तर त्याचे निदान चार अर्थ होतात : रुग्णाला विचारले आणि ॲलर्जी नाही असे कळले, विचारलेच नाही, विचारता आले नाही, कारण रुग्ण बेशुद्ध होता, किंवा यादी होती, पण वाटेत गळली. पहिल्या अर्थावर मी पेनिसिलिन देऊ शकतो. उरलेल्या तिन्हींवर मला नातेवाइकांना शोधावे लागते. पडद्यावर मात्र चारही वेळा तीच पांढरी चौकट दिसते.

'ज्ञात ॲलर्जी नाही' ही एक स्वतंत्र, सकारात्मक नोंद आहे आणि स्नोमेड सीटी या वैद्यकीय संकल्पनांच्या संकेतसूचीमध्ये तिला ७१६१८६००३ हा स्वतःचा संकेतांक आहे. पाठवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे की ती नोंद पाठवा, मोकळी जागा पाठवू नका.

आणि आता एक तक्रार. प्रमाणीकरणाच्या नावाखाली आमच्यासमोर लांबलचक याद्या ठेवल्या जातात आणि निवड केल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरील मॉनिटर वाजत असताना, माणूस यादीतील सर्वांत वरचे नाव निवडतो. असा संकेतांक रूपाने निर्दोष असतो, पण खरा नसतो. त्यापेक्षा मोकळ्या मजकुरात लिहिलेली एक खरी ओळ मला पुढच्या पाळीत जास्त उपयोगी पडते. जुळवणी कोणी करावी, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, नोंद करणाऱ्याच्या डोक्यावर तरी सगळा भार टाकू नका.

उभीरेघ

आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. रिकाम्या जागेबद्दल एक पुस्ती जोडतो, कारण आवृत्ती २ मध्ये या बाबतीत फार सूक्ष्म आणि फार वेळा पायदळी तुडवला गेलेला नियम आहे. दोन उभ्या रेघांच्या मध्ये काहीच नसेल, म्हणजे || असे असेल, तर त्याचा अर्थ 'याबद्दल मी काही सांगत नाही, तुमच्याकडे आहे ते राहू द्या' असा होतो. त्याच जागी |""| अशी दोन दुहेरी अवतरणचिन्हे असतील, तर 'तुमच्याकडे जे आहे ते पुसून टाका' असा होतो. मौन आणि नकार यांतला हा फरक आहे. काही प्रणाली मौनालाच नकार समजतात आणि दर संदेशाबरोबर रुग्णाचा फोन क्रमांक पुसत जातात. काही नकाराकडे दुर्लक्ष करतात आणि बंद पडलेला क्रमांक वर्षानुवर्षे जपतात. फोन क्रमांकाच्या रकान्यात अक्षरशः दोन अवतरणचिन्हे साठवलेली नोंदही मी पाहिली आहे.

क्ष-किरण

प्रतिमांच्या बाबतीत चित्र बरेच समाधानकारक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची आणि यंत्रनिर्मात्यांची संघटना यांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती नेमली, १९८५ मध्ये पहिले प्रमाणक आले आणि १९९३ पासून ते डायकॉम या नावाने ओळखले जाते. आज एका कंपनीच्या सीटी यंत्रावरील प्रतिमा दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडणार नाही, असे कोणाच्या मनातही येत नाही. कारण डायकॉममध्ये प्रत्येक निर्मात्याला आपले यंत्र नेमके काय करते आणि काय करत नाही, याचे अनुरूपता-निवेदन प्रसिद्ध करावे लागते, आणि खरेदीपूर्वी दोन यंत्रांची निवेदने शेजारी ठेवून वाचता येतात. अडचण उरली आहे ती मोकळ्या मजकुराची. तपासणीचे वर्णन प्रत्येक विभाग आपापल्या पद्धतीने लिहितो, त्यामुळे 'आधीचा छातीचा सीटी दाखवा' एवढी साधी मागणीही नाव जुळले नाही म्हणून फसते.

शब्दसूची

वैद्यकीय संकेतन हेच माझे काम असल्याने एका गोंधळाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. आयसीडी हे आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आणि स्नोमेड सीटी एकाच कामासाठी आहेत असे समजून 'दोन्हींपैकी एक निवडा' असे आदेश निघतात. आयसीडीचे मूळ बर्टिलाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. तिचे काम मोजणीचे आहे. प्रत्येक रुग्ण कोणत्या तरी एकाच खणात पडला पाहिजे, म्हणून तिच्यात 'इतर' आणि 'अनिर्दिष्ट' असे खण मुद्दाम ठेवलेले असतात. स्नोमेड सीटीचे काम नोंदीचे आहे. तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत आणि त्या एकमेकींशी नात्यांनी बांधलेल्या आहेत, त्यामुळे एखादा आजार कोणत्या अवयवाचा आणि कोणत्या प्रकारच्या बिघाडाचा, हे यंत्रालाही उमगते.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. सविस्तर नोंदीतून खण काढता येतो, खणातून सविस्तर नोंद परत मिळत नाही. ज्या रुग्णालयाने केवळ बिलासाठी लावलेले आयसीडी संकेतांक पुढे पाठवले आणि त्यांनाच रुग्णाचा आजारांचा इतिहास म्हटले, त्याच्या पुढच्या प्रत्येक ठिकाणी 'अनिर्दिष्ट' हाच इतिहास होऊन बसतो. जुळवणीच्या तक्त्यात 'समान', 'अधिक व्यापक' आणि 'अधिक संकुचित' असे नाते प्रत्येक ओळीसमोर लिहायची सोय असते. माझ्याकडे येणाऱ्या तक्त्यांत तो स्तंभ बहुधा कोराच असतो.

मूळनोंद

धागाकर्त्यांच्या मांडणीशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. जुळवणीवर अधिक खर्च करा, असे आपण म्हणता. माझ्या मते, जुळवणी करावी लागते हाच आधीच्या चुकीचा दंड आहे. प्रत्येक विक्रेता आपल्या मनाप्रमाणे माहिती साठवतो आणि मग आपण ती जन्मभर भाषांतरित करत बसतो. ओपनईएचआर या वैद्यकीय नोंदींच्या खुल्या प्रमाणकाची कल्पना अशी की, वैद्यकीय संकल्पनेचे प्रारूप सॉफ्टवेअरच्या बाहेर ठेवावे, ते डॉक्टरांनी ठरवावे आणि सर्वांनी त्याच रूपात साठवावे. रक्तदाबाचे प्रारूप पाहा. वरचा आणि खालचा आकडा तर आहेच, पण रुग्ण बसलेला होता की आडवा, पट्टा कोणत्या मापाचा होता, कोणत्या जागी बांधला होता, यांनाही जागा आहे. लहान पट्टा जाड दंडाला बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त येतो, हे प्रत्येक परिचारिकेला माहीत असते. बहुतेक प्रणालींत ते लिहायला जागा नसते. जे साठवलेच नाही ते कोणतेही प्रमाणक पोहोचवू शकणार नाही.

उभीरेघ

आपले शेवटचे वाक्य मी तसेच्या तसे स्वीकारतो. साठवणीचे प्रारूप समान असेल, तर माझे निम्मे काम संपेल आणि मला त्याचा आनंदच होईल. पण मला जोडायला दिलेल्या प्रणालींपैकी कित्येक दहा-पंधरा वर्षे चालू आहेत, त्यांत लाखो रुग्णांच्या नोंदी आहेत आणि त्या उद्या बदलल्या जाणार नाहीत. त्या नोंदी नव्या प्रारूपात हलवायच्या ठरवल्या, तरी हलवताना जुळवणी करावीच लागेल. नवीन उभारताना आपला मार्ग धरावा आणि जुन्याशी जोडताना जुळवणीवर खर्च करावा, असे मला वाटते.

नोंदणीखिडकी

सगळे निकालांबद्दल बोलत आहेत, पण निकाल कोणाचा हे आधी ठरावे लागते. रुग्ण क्रमांक हा तो देणाऱ्या संस्थेच्या नावाशिवाय निरर्थक असतो. ४५१२० हा क्रमांक दहा ठिकाणी दहा वेगळ्या माणसांचा असू शकतो. आवृत्ती २ च्या पीआयडी या रुग्णाच्या ओळखीच्या ओळीतील तिसऱ्या रकान्यात म्हणूनच क्रमांकाबरोबर तो देणारी संस्था लिहायची जागा आहे, आणि तीच सर्रास कोरी सोडली जाते.

क्रमांक नसेल तेव्हा नाव, जन्मतारीख आणि लिंग यांवरून शक्यता मोजून जुळवणी करतात. तिचा गणिती पाया फेलेगी आणि संटर यांनी १९६९ मध्ये घातला. एकच नाव रोमन अक्षरांत तीन प्रकारे लिहिले जाते, ज्यांना नेमकी जन्मतारीख माहीत नाही त्यांची १ जानेवारी लिहिली जाते, आणि देवनागरीत लिहिलेले नाव, संदेशाच्या पहिल्या ओळीत अक्षरसंच न सांगितल्यामुळे, प्रश्नचिन्हांची रांग होऊन पलीकडे उतरते. अशा वेळी यंत्राला 'जुळते' किंवा 'जुळत नाही' एवढेच म्हणायला लावू नये. 'माणसाने पाहावे' हा तिसरा कप्पा हवाच. एका माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर तपासणी पुन्हा करावी लागते. दोन माणसांची एकच नोंद झाली तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर जातो, आणि पुढे त्यांना वेगळे करताना कोणता निकाल कोणाचा होता, हे बऱ्याचदा सांगताच येत नाही.

नवशिकी

धागाकर्त्यांना एक विचारायचे राहिले. त्या क्रिएटिनिनच्या प्रणालीत पुढे काय बदल केला?

उभीरेघ

एकक आता संदेशातूनच वाचले जाते. ते यादीतील ओळखीच्या एककांपैकी नसेल, किंवा त्या संकेतांकाशी विसंगत असेल, तर निकाल नोंदीत आकडा म्हणून जात नाही. तो मूळ मजकुरासह, 'एकक तपासलेले नाही' अशा स्पष्ट खुणेने डॉक्टरांना दिसतो आणि त्याच वेळी एका प्रलंबित यादीत पडतो. निकाल दडवून ठेवणे हेही धोक्याचेच असल्याने तो दिसू देण्याचा निर्णय आम्ही डॉक्टरांशी बोलून घेतला. प्रलंबित यादी रोज सकाळी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ पाहतात. संगणक विभागाला तिच्यात परस्पर बदल करता येत नाही.

त्याशिवाय चाचणीच्या संदेशांचा एक संच केला आहे. त्यात मायक्रोमोलमधला ९७, 'पेक्षा कमी'चा ट्रोपोनिन, दुरुस्त पोटॅशियम, दोन अवतरणचिन्हांचा फोन क्रमांक आणि देवनागरीतील नाव असे संदेश आहेत. कोणतीही प्रणाली जोडण्याआधी किंवा तिची आवृत्ती बदलल्यावर तो संच पुन्हा पाठवला जातो आणि प्रत्येक संदेश पडद्यावर कसा उमटला, हे तो वापरणाऱ्यानेच डोळ्यांनी पाहून सही करायची असते. 'ज्ञात ॲलर्जी नाही' आणि 'विचारलेले नाही' हे दोन संदेश त्यात नव्हते. अतिदक्षता यांचा प्रतिसाद वाचून ते आज घातले.

नमुनानळी

या संचात मेंदूजलातील ग्लुकोजही घालावे, अशी विनंती. सहाही ग्लुकोजचे संदेश, खरी माहिती काढून टाकून, मी आपल्याला आठवडाभरात तयार करून देते.

उभीरेघ

अवश्य द्या. नमुना घेतल्याची वेळ आणि निकालाची वेळ वेगवेगळी ठेवलीत, तर तेवढ्यातच तीही चाचणी होऊन जाईल.